सी१ ॲडव्हान्स्ड या केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षेतल्या निबंधाची तयारी घरच्या घरी कशी करावी?

लिहायला घेण्याआधी दहा मिनिटं आराखड्याला द्या, घरी सराव करायचा तो मुख्यतः याचाच. नाशिकमध्ये मी या परीक्षेसाठी शिकवते आणि मुलांची गाडी अडते ती इथेच. प्रश्नात तीन मुद्दे असतात. त्यातले दोनच घ्यायचे आणि जास्त महत्त्वाचा कोणता, ते कारणासकट सांगायचं. तिन्ही घेतले की २२०–२६० शब्दांत एकही फुलत नाही. वाहतुकीचा विषय आला तर द्वारका चौकातली कोंडी बिनधास्त उदाहरणाला घ्या, फक्त परीक्षकाला तो चौक माहीत नसणार, म्हणून एका वाक्यात ओळख करून द्या. प्रश्नात दिलेली मतं स्वतःच्या शब्दांत मांडा. लेखनाच्या पेपरच्या दीड तासात दुसरंही लेखन असतं, तेव्हा पाऊण तासात निबंध हातावेगळा करा. आयईएलटीएस ही इंग्रजीची दुसरी परीक्षा देणार असाल तर मात्र हे तीन मुद्द्यांचं गणित लागू नाही.