मोडेमच्या ॲडमिन पानावर पहिल्यांदा जाताना

ॲडमिन पान म्हणजे मोडेमच्या सेटिंग बदलायचं, ब्राउझरमध्ये उघडणारं पान. घाबरू नका, नुसतं लॉगिन करून काही बिघडत नाही. नव्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा पत्त्यापाशीच अडतं.

केबल मोडेम गेटवेचा (म्हणजे मोडेम आणि वायफाय राउटर एकाच डब्यात) पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १०.०.०.१ असतो. तो ब्राउझरच्या वरच्या ॲड्रेस पट्टीत, इंग्रजी आकड्यांत टाका. गूगलच्या शोधचौकटीत टाकलात तर भलतीच पानं उघडतील. पत्ता चालला नाही तर अंदाज करत बसू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत लिहा आणि 'डीफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा घ्या. फोनवरून जात असाल तर मोबाइल डेटा बंद आणि वायफाय घरचंच हवं. जमलं तर मोडेमपासून लॅपटॉपला नेटवर्कची केबलच लावा, मी अजूनही तेच करतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: वायफायचा पासवर्ड आणि ॲडमिनचा पासवर्ड वेगळे असतात. ॲडमिनचा बहुधा मोडेमच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या लेबलवर सापडतो.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी एवढंच करा:

- ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि वहीत लिहून ठेवा.
- 'रिमोट मॅनेजमेंट' (घराबाहेरून, इंटरनेटवरून हे पान उघडायची सोय) चालू असेल तर बंद करा.

पोर्ट फॉरवर्डिंग, ब्रिज मोड वगैरेंना सध्या हात लावू नका. आणि लॉगिन जमेना म्हणून रिसेटचं बारीक छिद्र लगेच टोचू नका. त्याने वायफायच्या नावासकट सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. आधी मोडेम नुसता बंद-चालू करून पाहा.