टेक्ससमध्ये एचओए (वस्तीतल्या घरमालकांची संघटना) असलेल्या वस्तीत घर घेतोय. आधी काय पाहावं?

घर जरूर घ्या, पण त्याआधी 'रीसेल सर्टिफिकेट', म्हणजे एचओएची वर्गणी, निधी वगैरेची माहिती देणारा दाखला, मागवून शांतपणे वाचा. वर्गणी किती, हे सगळेच विचारतात. राखीव निधीत किती शिल्लक आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. निधी तुटपुंजा असेल तर स्विमिंग पूलची मोठी दुरुस्ती निघाली की 'स्पेशल असेसमेंट' म्हणून एकदम मोठी रक्कम भरावी लागू शकते. आमच्याकडे तसंच झालं. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला, म्हणून कळकळीनं सांगतोय.

गवत वाढलं, कचऱ्याचा डबा बाहेर राहिला, की एचओएचं पत्र येतं, पुढे दंडही होऊ शकतो. टेक्ससच्या कायद्यानुसार नुसत्या दंडापोटी एचओएला तुमचं घर लिलावात काढता येत नाही. वर्गणी थकली तर मात्र ती वेळ येऊ शकते. वाद असला तरी वर्गणी भरत राहा.

दारावरच्या तोरणाची मात्र काळजी नको. श्रद्धेनं लावलेल्या धार्मिक वस्तूंना इथला कायदा २०११ पासून संरक्षण देतो. आधी ते फक्त प्रवेशदारापुरतं होतं, २०२१ मध्ये स्वतःच्या आवारापर्यंत वाढलं. आमची गुढी दर पाडव्याला दाराशीच उभी राहते.