पगाराआधी दिवस मोज

दारव्हा, जि. यवतमाळ

चिरंजीव,

चाकणचा ठेकेदार महिना १८ हजार देतो म्हणतो, इथं वावरात रोजी ४००, मग गावात थांबायचं कशाला, असं तू विचारलंस. जायचं की नाही हे तू ठरव. पण तुझा हिशेब अर्धाच झाला आहे.

समजा, फंड वगैरे कापून १५ हजार हातात आले. खोलीचा वाटा, मेस, जाणं-येणं यांत ८ हजार गेले, ७ उरले. ठेक्याच्या कामात सात-आठ महिन्यांनी ब्रेक देणं, म्हणजे काही काळ कामावरून काढणं, सर्रास चालतं. पुढचं काम मिळेपर्यंत दोन महिने खोलीवर बसलास, तर सात महिन्यांच्या ४९ हजारांतले १६ हजार त्यातच संपले. नऊ महिन्यांची शिल्लक ३३ हजार. गावची रोजीही बारा महिने नसते. निंदण, फवारणी, सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचाई; कापसाची उभी झाडं, म्हणजे पराटी, उपटली की मृगापर्यंत हात रिकामे. म्हणून दोन्हीकडे आधी विचारायचं ते हेच, वर्षातले किती दिवस काम?

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थतज्ज्ञांनी पूर्व आफ्रिकेतली शहरं पाहून १९७० साली हेच मांडलं. माणूस शहराचा पगार आणि तो मिळण्याची शक्यता या दोहोंच्या भरवशावर गाव सोडतो. त्यामुळे शहरात शंभर जागा निघाल्या की दोनशे जण पोचतात, आणि जागा वाढूनही बेकार वाढू शकतात. ठिय्यावर सकाळी कामासाठी उभी राहणारी मजुरांची गर्दी आठव.

एकाच कामाला जागेप्रमाणे पैसे का बदलतात, हाही तुझा प्रश्न. किमान वेतनातच राज्याची परिमंडळं पाडली आहेत. महापालिकेच्या हद्दीतला दर खेड्यापेक्षा जास्त. शिवाय चाकणला कारखान्याशेजारी कारखाना, एकानं काढलं तर दुसऱ्याच्या गेटवर जाता येतं. आपल्याकडे ती सोय नाही, आणि पाणी नाही. दांडेकर समितीनं १९८४ साली विभागांचा अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजला, त्यात सिंचनाचा मोठा वाटा होता. सिंचन म्हणजे दुसरं पीक, आणि दुसरं पीक म्हणजे मजुराला कामाचे जास्त दिवस. आपल्या पोरांच्या पायाला भिंगरी लागली ती आळसामुळे नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

तुम्ही गेलात की मागे राहिलेल्यांना सोंगणीच्या दिवसांत गुत्त्याचा, म्हणजे अंगावर घेतलेल्या अख्ख्या कामाचा, भाव चांगला मिळतो. तो टिकत नाही. छिंदवाड्याकडून मजूर येतात, हार्वेस्टर येतो, तणनाशक येतं. तणनाशकानं पहिल्यांदा जातं ते निंदणाचं काम, म्हणजे बायकांचं. त्यांची रोजी आधीच पुरुषांपेक्षा कमी. गावात यावर कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुझी आई निंदायला जाते, म्हणून तुला मुद्दाम लिहिलं.

आणि बेरोजगारीच्या टक्क्यांच्या बातम्या वाचून निर्णय घेऊ नकोस. सरकारी पाहणीच्या चालू आठवड्याच्या मोजणीत, आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलेलाही कामावर धरला जातो. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि बेकारांच्या यादीतून सुटतो. यादीत दिसतात ते बरेचसे शिकलेले, घरचे पोसू शकतात म्हणून चांगल्या नोकरीची वाट पाहणारे.

जायचं असेल तर एकदम मुक्काम हलवू नकोस. तुझा आयटीआयचा वेल्डर ट्रेड आहे. हेल्परच्या जागेवर सही केलीस तर तो वाया जाईल. आधी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांत चौकशी कर, तिथून सणावाराला आणि आईच्या आजारपणाला घरी येता येतं. चाकणच ठरलं, तर तिथं असलेल्या आपल्या गावच्या पोरांना तीन गोष्टी विचार : ब्रेक कधी मिळाला, पुढचं काम किती दिवसांनी लागलं, फंडाचे पैसे खात्यात दिसतात का. ठेकेदाराचा कागद सही करण्याआधी मला फोटो काढून पाठव.

तुझा,
सर