अकरा वर्षं सुटी कामं केली, आता पगार हवाय

प्रश्न: ताई, वय ३५, मूळचा सांगलीचा, पुण्यात राहतो. बारावीनंतर बीकॉमला होतो पण अप्पा बळवंत चौकात डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावायची कामं मिळायला लागली आणि कॉलेज सुटलं. गेली अकरा वर्षं घरूनच करतोय, पुस्तकं, गाइडं, पत्रिका, दिवाळी अंक. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मरणाचं काम, मग दोन-दोन महिने शुकशुकाट. आता मुलगी झालीये, होमलोनला गेलो तर बँकवाले म्हणाले सॅलरी स्लिप आणा. जाहिरातींत सगळीकडे ग्रॅज्युएट लिहिलेलं. बायको म्हणते क्लार्कची सरकारी परीक्षा द्या. काय करू?

उत्तर: दादा, आधी वहिनींचं. एमपीएससीच्या क्लार्क-टायपिस्टला पदवी लागते, वर टायपिंगचं सर्टिफिकेट. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून आज सुरू केलं तरी तीन वर्षं, म्हणजे तुम्ही ३८, आणि खुल्या गटाची वयोमर्यादाच ३८. आरक्षण असेल तर ४३, पण तरी त्या आशेवर कामं सोडू नका. पदवीला मात्र नाव घाला, नोकरी करता करता होते, पुढे कंपनी बदलताना उपयोगी पडेल.

आता खरं सांगू का, मला तुमची अडचण डिग्रीची वाटतच नाहीये. अकरा वर्षांचा कागद नाहीये तुमच्याकडे. कामं तोंडी, पैसे निम्मे रोख, बरोबर ना? चार जुन्या प्रकाशकांकडे जा, लेटरहेडवर लिहून घ्या की अमुक सालापासून अमुक काम केलं. लाजू नका, रात्री दोनला फायनल फाइल मागताना ते कुठे लाजले होते! आणि इन्कम टॅक्स रिटर्न दरवर्षी भरा, धंदेवाल्यांना बँका साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न्स बघून लोन देतात, म्हणजे लोनसाठीच नोकरी पाहिजे असंही नाही.

नोकरी शोधायची तर चौकातल्या चार माणसांच्या दुकानात नको, तिथे पगार असेल पण पीएफ नसेल, कारण पीएफचा कायदा साधारणपणे वीस माणसांपासून पुढे लागतो. मोठे प्रेस बघा, शालेय पुस्तकांचे प्रकाशक बघा, आणि भोसरी-चाकणकडचे खोके-लेबलं छापणारे पॅकेजिंगवाले, त्यांना प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइल तपासून तयार करायला माणूस लागतोच. छपाईच्या प्लेटला जायच्या आधी फाइलमधला फॉन्ट, ब्लीड (कापणीसाठी कडेला जास्त सोडलेली छपाई), रंग बघणारा माणूस कॉलेजात तयार होत नाही, तो तुमच्यासारखाच चुका करून, पदरचे पैसे घालून पुन्हा छापून देऊन तयार होतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात आणून जोडाक्षरं नीट लावता येत असतील तर ते बायोडेटात सगळ्यात वर लिहा, शिक्षण खाली.

जाहिरातीला अर्ज करू नका, ती चाळणी तुम्हाला बाहेरच ठेवणार. ज्या प्रेसला इतकी वर्षं फाइली पाठवल्या तिथल्या प्रॉडक्शनवाल्याला भेटा आणि म्हणा, अर्धा दिवस मशीनवर बसवून बघा.

पगार सीझनच्या कमाईपेक्षा कमी वाटेल, त्यातून पीएफचे बारा टक्के कापतील, पण तेवढेच कंपनीनेही घालायचे असतात, तेव्हा ते पगाराच्या आकड्यात धरलेत की वेगळे, हे आधी विचारा. आणि दिवाळी अंकाची बाहेरची कामं चालतील का तेही जॉइन व्हायच्या आधीच विचारून घ्या, ऑक्टोबरात नको.