युद्धाच्या काळात बॅले कशासाठी?

शहरावर बॉम्ब पडत असताना लोक बॅले पाहायला का जातात, असा आपला प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनचे रॉयल ऑपेरा हाऊस सार्वजनिक नृत्यगृह झाले होते, तरीही सॅडलर्स वेल्स बॅले या लंडनच्या नृत्यसंस्थेने गावोगावी प्रयोग चालू ठेवले आणि २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते रंगमंदिर पुन्हा उघडले, तेव्हा याच संस्थेच्या प्रमुख नर्तिका मार्गो फॉन्टेन यांनी ‘स्लीपिंग ब्यूटी’तील राजकन्या साकारली, दीर्घ निद्रेतून जागे होण्याची ती कथा रेशनवर जगणाऱ्या प्रेक्षकांना आपलीच वाटली असावी. त्याच महायुद्धाच्या काळात, १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इप्टाच्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या नाट्यसंघटनेच्या) अंधेरीतील कलापथकाने नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांची नृत्यनाट्ये सादर केली (त्यांनाही ‘बॅले’च म्हणत, जरा सैल अर्थाने) आणि बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी मदत गोळा केली.