हृदयाच्या मायट्रल व्हॉल्व्हची (डाव्या बाजूच्या झडपेची) गळती 'मॉडरेट'च, म्हणजे मध्यमच आहे, तरी जिना चढताना धाप लागते. डॉक्टर टेन्शनची गोळी देतात. घ्यावी का?

गोळीचं नंतर बघू. तुमची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढली तेव्हा तुम्ही डाव्या कुशीवर निवांत पडून होता ना? आणि धाप लागते जिना चढताना. मग आडवं पाडून काढलेल्या रिपोर्टवरून जिन्यावरच्या धापेला कुणी टेन्शन कसं म्हणू शकतं?

माझाही मायट्रल व्हॉल्व्हच. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून झडप आखडली. पेनिड्युरची (पेनिसिलिनची) इंजेक्शनं घेत मोठी झाले. पुढे बरीच वर्षं काही त्रास नव्हता. मग गच्चीवर धुणं वाळत घालायला जाताना ओल्या कपड्यांची बादली मधल्या वळणावर टेकवावी लागायला लागली. हळूहळू हात रिकामे असले तरी कठडा धरून उभी राहायचे. नेहमीच्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "मॉडरेटला एवढी धाप लागत नाही. पन्नाशी आली, वजन बघा, टेन्शन घेऊ नका." झालं, घरात सगळ्यांना तेच वाक्य मिळालं. धाकटे दीर जेवायला आले की पानावरच सुरू, "वहिनी, मनाचं आहे हो सगळं. अनुलोम-विलोम करा." मी शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते. कामाचा कंटाळा असता तर तिथं आधी दिसला असता.

शेवटी मिरजेत एक हृदयरोगतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती पायऱ्यांनंतर थांबता?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी स्ट्रेस इको करायला लावली. ट्रेडमिलवर चालवलं, दम लागला तशी उतरवून तडक कॉटवर झोपवलं आणि ठोके खाली यायच्या आत प्रोब लावला. छातीवर गार जेल, मी धापा टाकतेय आणि बाई ह्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवतायत. फुप्फुसाच्या धमनीतला दाब आधी ३४ होता, तो ६८ वर गेला होता. गळतीचा झोत मागच्या भिंतीला घासत पार वरपर्यंत. असा भिंतीला चिकटून जाणारा झोत रंगीत चित्रात आहे त्यापेक्षा लहान दिसतो, असं त्या म्हणाल्या. तपासणीच्या वेळी बीपी कमी असलं तर त्यामुळेही गळती कमी दिसते.

तेव्हा स्ट्रेस इकोचं स्वतःहून विचारा. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, फुप्फुसांची पीएफटी (फुंकून करायची तपासणी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आहे का ते सांगणारी रक्ततपासणी). मधूनच धडधडत असेल तर होल्टरही (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). धाप दरवेळी झडपेचीच असते असं नाही, दम्याची असेल, रक्त कमी असेल. टेन्शननंही लागते, पण ते सगळं तपासून झाल्यावर शेवटी म्हणायचं, सुरुवातीला नाही.

आणि तपासणीला घरातलं माणूस आत न्या. ह्यांनी पडदा पाहिला, त्या दिवसापासून बादली तेच वर नेतात. भावजींना मी रिपोर्टची झेरॉक्स दिली, तरी ते प्राणायामावरच अडून आहेत. प्राणायाम मी रोज करते, बरं वाटतं. पण त्यानं झडप मिटत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मला सध्या लघवीची गोळी आहे आणि दर सहा महिन्यांनी इको. ऑपरेशन कधी, ते त्या आकड्यांवर ठरेल.

मी डॉक्टर नाही. गोळी सुरू केली असेल तर मनानं एकदम बंद करू नका, विचारून करा. आणि उशा वाढवल्याशिवाय झोप येत नसेल, रात्री धाप लागून उठून बसावं लागत असेल किंवा पावलांवर सूज असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.