त्याचं घर शोधताना

तुझं पत्र आणि तुझ्याकडच्या कुत्र्याला घर मिळावं म्हणून लिहिलेला मजकूर, दोन्ही दोनदा वाचले. मजकुरात 'बिचारा', 'अनाथ', 'कुणीतरी आसरा द्या' असं सगळं आहे, पण तो स्वतः कुठेच नाही. फोटोत मात्र लगेच दिसला. एक कान ताठ, दुसरा मधूनच मोडलेला, आणि तुझ्या चपलेवर टेकवलेली हनुवटी. हे लिही ना!

दयेपोटी येणारी माणसं वाईट नसतात गं. पण दया चार दिवसांत ओसरते. पाचव्या दिवशी हा पठ्ठ्या सोफ्याचा कोपरा कुरतडतो आणि फोन तुला येतो. दहा महिन्यांचा आहे तो, ऐन अडनिड्या वयातला. दुधाचे दात पडून बरेच दिवस झाले, अंगाने मोठा दिसतो, पण डोकं अजून पोराचं. काल शिकलेलं आज विसरणार. अनेक कुत्र्यांचं घर याच वयात सुटतं, कारण लोकांना वाटतं की हा आता बिघडला. म्हणून वय लिहिताना त्या वयाचा अर्थही लिही.

मीही एकदा चुकले होते. माझ्याकडे एक कुत्री होती, एकटी राहिली की दार ओरबाडायची, पंज्यातून रक्त येईपर्यंत. चांगलं घर चालून आलं होतं, दोघंही नोकरी करणारे. मी ते सांगितलं नाही. प्रेम मिळालं की सुधारेल, असं मनाला पटवलं. अकराव्या दिवशी त्यांनी तिला परत आणून सोडलं. आत आल्या आल्या ती थेट तिच्या कोपऱ्यात गेली. तिची सतरंजी मी तोवर धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली होती. ती रिकाम्या फरशीवर तीन वेळा गोल फिरली आणि तिथेच बसली. त्या लोकांचा काहीही दोष नव्हता. त्यांना मी खोटी कुत्री दिली होती.

लोक सगळ्यात आधी जात विचारतील. तू अंदाज करू नकोस. नुसतं बघून सांगितलेली जात डीएनए चाचणीत पुष्कळदा चुकीची निघते. आणि 'सायन्स' नियतकालिकात 2022 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवरून, दिसलं ते असं: एखादं कुत्रं कसं वागेल यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीने ठरतो. तेव्हा 'मिश्र जातीचा' एवढंच लिही आणि पुढे लगेच त्याचा स्वभाव लिही.

स्वभाव कळायला त्याच्याजवळ नुसतं बसावं लागतं. शेपूट हलते म्हणजे खूश, असं धरून चालू नकोस. अंग ताठ ठेवूनही शेपूट हलते. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड वळवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, हे सगळं 'मला हे नको' असं सांगणं आहे. कुणासमोर तो असं करतो ते वहीत टिपून ठेव. लहान मुलांसोबत त्याला पाहिलं नसशील तर 'पाहिलेलं नाही' असंच लिही. 'मुलांशी छान' हे दोन शब्द उगाच लिहिले तर एखाद्या मुलाला चावा बसू शकतो.

लसींचं कार्ड, जंताचं औषध, नसबंदी, हे सगळं त्याला देण्याआधी उरकून घे. रेबीजच्या लसीची पुढची तारीख नव्या माणसांना दाखव. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर नोंदीतला फोन नंबर त्यांच्या नावावर बदलला गेला की नाही, ते स्वतः बघ. तो बदलला नाही तर हरवलेल्या कुत्र्याची चिप कुणी वाचली तरी फोन तुलाच येणार.

येणाऱ्यांना प्रश्न विचारायला लाजू नकोस. घरातल्या प्रत्येकाला भेट, विशेषतः गप्प बसलेल्याला. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, बाहेरगावी जाताना त्याचं काय, हे विचार. कुत्रं बारा-तेरा वर्षं सहज जगतं, तेवढी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत का? एखादं कुटुंब सगळं ऐकून 'नाही जमणार' म्हणालं तर मनापासून आभार मान. त्यांनी त्याचा एक परतीचा प्रवास वाचवला.

पाठवणीच्या दिवशी त्यांना सांग, पहिले काही दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, आणि दार उघडताना पट्टा हातात घट्ट. नवखं कुत्रं निसटण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. तो पलंगाखाली जाऊन बसला तर बसू दे, ओढून काढू नका. काहीही झालं तरी आधी तुलाच फोन करायचा, हेही बजाव.

आणि त्याची सतरंजी सोबत दे. कितीही मळली असली तरी धुऊ नकोस.

नवा मजकूर लिहिलास की पाठव, मी वाट बघते.

तुझी,
मावशी